सार्कॅस्टिकला मराठीत नक्की काय म्हणायचं? खवचट, टोमणा, खेचणं आणि बाकीची मंडळी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते वाचणाऱ्या सगळ्यांनाच कळेल. तुम्ही लातूरहून मुंबईत नोकरीला आलात, ऑफिसात तुमच्या बोलण्यावर तीन जणांनी तीन वेगळे शेरे मारले. एक म्हणाला "जाम खवचट आहेस रे", एक सीनियर मॅडम म्हणाल्या "टोमणे मारू नका हं", आणि तिसरा म्हणाला "माझी खेचतोयस काय?" तुमचं म्हणणं असं की तुम्ही तिघांशी सारखंच बोललात. आता तुम्हाला सार्कॅस्टिकला एकच नेमका मराठी शब्द हवाय, तोही इन्स्टाच्या बायोत टाकता येईल असा, आणि हे सगळे शब्द आले कुठून तेही हवंय, कारण 'पोपट होणे' हे अकबर-बिरबलाच्या गोष्टीतून आलं असं तुमच्या काकांनी सांगितलंय.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न शब्दाचा नाहीच. तिघांपैकी कोण खरंच दुखावलंय आणि कोण नुसतंच हसतंय हे तुम्हाला कळत नाहीये, आणि त्याचं उत्तर त्यांनी वापरलेल्या शब्दांतच आहे, म्हणून शब्दांवरूनच जाऊया.

मी डबिंगसाठी मराठी संवाद लिहिते, बरीच वर्षं हेच काम. बाहेरच्या मालिकांचं स्क्रिप्ट येतं त्यात वाक्याच्या बाजूला कंसात एकच सूचना असते, सार्कॅस्टिक. नवरा बायकोला बोलला तरी तेच, पोलीस चोराला बोलला तरी तेच, आजी नातवाला बोलली तरी तेच. त्या कंसाच्या जिवावर मराठी वाक्य लिहिताच येत नाही. मला आधी विचारावं लागतं की कोण कुणाला बोलतंय, दोघांत मोठं कोण, आधी काही भांडण झालंय का, आणि आजूबाजूला ऐकायला किती माणसं उभी आहेत. हे कळलं की मग मराठीत त्या बोलण्याला नाव मिळतं, कारण आपल्याकडची नावं वाक्यावरून पडतच नाहीत, लागलेल्या मारावरून पडतात.

एक साधं उदाहरण घ्या. कुणीतरी अकरा वाजता ऑफिसात उगवतो आणि दुसरा म्हणतो, "या साहेब, चहा मागवू का?" शेजारच्या टेबलवरचा मित्र हे बोलला तर त्याने खेचली. बॉस बोलला तर तो टोमणा, आणि दुपारपर्यंत पोटात गोळा. उशिरा आलेलाच बॉस असेल आणि त्याच्या मर्जीतला कुणी जुना माणूस हे हसत हसत बोलला तर कोपरखळी, पण तेच काल जॉइन झालेलं पोरगं बोललं तर आगाऊपणा. आणि ज्याची आई हॉस्पिटलात आहे म्हणून रोज उशीर होतोय हे सगळ्यांना माहितीये, त्याला कुणी हे ऐकवलं तर ते कुजकट बोलणं, तिथे विनोदाचा प्रश्नच संपला. चहा तोच, साहेब तोच, वाक्यातला एक काना बदललेला नाही.

त्यामुळे तुम्ही तिघांशी सारखंच बोललात हे मला मान्य आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही.

आता एकेक घेऊ. टोमण्याची खूण म्हणजे त्याला मागची उधारी लागते. काहीतरी आधी घडलेलं असतं, ते कुणीतरी मनात ठेवलेलं असतं, आणि आज भलत्याच विषयाच्या आडून ते बाहेर येतं. "आमच्या वेळी नव्हतं बाई असं" हे वाक्य एकटं घेतलं तर निरुपद्रवी, पण सुनेने ओला मागवली की लगेच आलं तर टोमणा. मराठीत म्हणच आहे, लेकी बोले सुने लागे, म्हणजे बोलायचं एकीला आणि लागायचं दुसरीला, टोमण्याची याहून चांगली व्याख्या मी तरी कुठे वाचलेली नाही. म्हणून मॅडम जेव्हा "टोमणे मारू नका" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात मागचं काहीतरी आहे, तुमच्या वाक्याने ते हललंय. तुम्हाला ते आठवत नसेल, त्यांना आठवतंय. तिघांपैकी तक्रार ही एकच आहे, इकडे लक्ष द्या.

खेचणं याच्या बरोबर उलट. खेचायला मैत्री लागते, आणि शक्यतो समोरचा हजर लागतो, पाठीमागे करतात त्याला खेचणं म्हणत नाहीत, त्याला नावं ठेवणं म्हणतात. "माझी खेचतोयस काय?" यात अर्धा मान दिलेला असतो, की मला कळलं तू काय करतोयस, चल पुढे. पूर्ण रूप तंगडी खेचणे किंवा टांग खेचणे, हिंदीतही तेच आहे आणि मुंबईत दोन्ही भाषा एकाच डब्यातून प्रवास करतात त्यामुळे इकडचं तिकडे होतच असतं. मुंबईत तंगडी गळाली आणि नुसतं खेचणं उरलं. पण एक लक्षात ठेवा, पाय खेचणे हा वेगळा मामला आहे, ते वर चढणाऱ्याला खाली ओढणं, खेकड्यांवाली गोष्ट, त्यात विनोद बिनोद काही नसतो. फिरकी घेणे हे खेचण्याचंच भावंड, फक्त त्यात थोडा वेळ लागतो, समोरच्याला खरं वाटेल असं काहीतरी गंभीर चेहऱ्याने सांगायचं आणि तो गोल फिरला की सगळ्यांनी हसायचं. ('फिरकी' शब्द गाळून नुसतं "माझी घेतोयस का" म्हणणारेही मुंबईत भरपूर आहेत. त्याला दुसरा अर्थ आहे, मॅडमसमोर म्हणू नका.)

खवचट हा मात्र मधला प्राणी आहे, आणि इथे मी ठाम सांगू शकत नाही, कारण कोण कुठल्या सुरात म्हणालं यावर आहे. "खवचट आहेस" हे हसून म्हटलं तर ती दाद असते, कपाळाला आठी घालून म्हटलं तर निकाल. त्यातल्या त्यात एक कसोटी मी वापरते ती सांगते. जो शब्द माणूस स्वतःबद्दल खुशाल वापरतो तो शब्द फारसा विषारी नसतो. "मी जरा खवचटच आहे हं" असं सांगणारे ढिगाने भेटतील, वर थोडा अभिमानही असतो. "मी फटकळ आहे, तोंडावर बोलते", हेही अभिमानाने. "मी तिरकस आहे" हे तर जवळजवळ क्वालिफिकेशन म्हणून सांगतात. पण "मी टोमणे मारतो" असं कुणी मान ताठ करून सांगत नाही, ते दुसरेच आपल्याबद्दल सांगतात. आणि "मी कुजकट बोलते" असं म्हणणारी व्यक्ती मी अजून बघितली नाही. संवाद लिहिताना ही कसोटी फार कामाला येते, पात्राच्या स्वतःच्या तोंडी कुठला शब्द द्यायचा आणि शेजारणीच्या तोंडी कुठला, ते लगेच ठरतं.

कुजकट शब्दाची बांधणी बघा जरा, मला फार आवडते. कुजणे आणि पुढे कट. हाच कट मळकट, तेलकट, धुरकट, कळकट यांना लागतो, म्हणजे वस्तू पूर्ण मळलेली नाही पण मळाचा अंश आहे, हात लावला की कळतो. तसं बोलण्याला आतून कुजल्याचा वास. शब्द ऐकूनच नाक मुरडलं जातं.

बाकी खोचक म्हणजे खोचणारं, बोचरं म्हणजे बोचणारं, हे तर उघडच आहे. आणि शब्दासोबत क्रियापद काय येतं ते बघितलं की मार किती लागलाय तेही कळतं. चिमटा काढतात, टपली मारतात, कोपरखळी मारतात, ही सगळी घरातली, पंगतीतली माणसं. कोपरखळीत कोपर लागायला माणूस बाजूला बसलेला असावा लागतो हेही आलंच. (हे कोपर संस्कृतातल्या कूर्पर वरून आलेलं.) मग टोला येतो, तो हाणतात किंवा लगावतात, तिथे लांबून मारायची सोय आहे म्हणून तो राजकारण्यांना फार लागतो, रोज कुणी ना कुणी कुणाला तरी टोला लगावतोच. खिल्ली आणि टर उडवतात, म्हणजे समोरच्याला हलकं करून टाकतात. आणि पिंक टाकतात, त्याबद्दल काही न बोललेलं बरं.

आता मूळ काय, कुठून आलं. एक गंमत म्हणजे ज्या इंग्रजी शब्दाला तुम्ही मराठी शोधताय त्याच्या मुळाशी ग्रीकमधलं एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ मांस फाडणे. हिंदी-उर्दूतला 'ताना', जो मुंबईत "ताने मत मार" म्हणून रोज ऐकू येतो, तो अरबीतून आलाय आणि त्या धातूचा अर्थ भाल्याने वगैरे भोसकणे. आपल्याकडे खोचणे, बोचणे. म्हणजे टोचून बोलणाऱ्याला नाव देताना तिन्ही ठिकाणी शरीरच आठवलंय, मनाला लागलं हे सांगायला आधी अंगाला लागलेलं सांगावं लागतं बहुतेक. 'मार्मिक' घ्या. मर्म म्हणजे शरीरातली नाजूक जागा जिथे घाव बसला तर माणूस जातो, बोलीत त्याचं वर्म झालं, वर्मावर बोट ठेवणे त्यातलंच. त्या जागी अचूक पोचणारं ते मार्मिक. पण मार्मिक ही स्तुती आहे, मुंबईत १९६० साली बाळासाहेब ठाकऱ्यांनी काढलेल्या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचं तेच नाव होतं. तर त्याच जागेवर घाव घातला आणि लोकांना पटला तर मार्मिक, नाही पटला तर खवचट!

तसंच व्यंग. इथे दोन वेगळे संस्कृत शब्द आहेत आणि लोक कायम गल्लत करतात. एक व्यंग, म्हणजे अंगात काही कमी किंवा दोष असणं. दुसरा व्यंग्य, शेवटी य, तो व्यंजनेतून आला, म्हणजे सरळ न सांगता सुचवलेला अर्थ. हिंदीत सटायरला व्यंग्य म्हणतात तो दुसरा. मराठीत दोन्हीचा उच्चार कानाला सारखाच लागतो आणि व्यंगचित्र म्हटलं की एकात दोन्ही भेटतात, दोष मोठा करून दाखवायचा आणि वर काहीतरी सुचवायचंही.

आणि जुन्या संस्कृत मंडळींनी हे प्रकरण आपल्यापेक्षा नीट लावून ठेवलंय. रुद्रट नावाच्या काश्मिरी पंडिताने नवव्या शतकात वक्रोक्तीचे, म्हणजे वाकड्या बोलण्याचे, दोन प्रकार सांगितले, एक श्लेष, म्हणजे शब्दाचे दोन अर्थ, आणि दुसरा काकु. काकु म्हणजे आवाजाची ढब, शेजारच्या काकू नव्हेत, अर्थात त्या काकूंनाही ही कला उत्तम येते. शब्द तेच ठेवून नुसत्या सुराने अर्थ उलटा करायचा ही काकुवक्रोक्ती, आणि आमचं डबिंगचं निम्मं काम म्हणजे हेच.

मध्ये एका सीनमध्ये एवढंच वाक्य होतं, "छान झालं." मुलगा नोकरी सोडून घरी आलाय, आई कणिक मळतेय. आवाज देणाऱ्या बाई अनुभवी होत्या, पहिल्यांदा त्या "छाऽऽन झालं" म्हणाल्या, छा लांब ओढून, तर लगेच सासूछाप टोमणा वाटायला लागला, काचेपलीकडे आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी ओढणं काढलं आणि झालंवर जोर दिला, तर ती आई भांडकुदळ वाटली. शेवटी त्या म्हणाल्या मी छानच्या आधी थांबते. एक बारीक श्वास घेतला, मग सपाट, काही जोर न देता "छान झालं". तेच ठेवलं. पडद्यावरच्या बाईचे ओठ उशिरा हलत होते म्हणून त्या श्वासाला जागाही मिळाली, नाहीतर ही चैन आम्हाला परवडत नाही.

आता माझा आवडता भाग, चांगले शब्द बिघडतात कसे तो. चेष्टा हा संस्कृतात हालचाल, प्रयत्न अशा अर्थाचा सभ्य शब्द, हिंदीत अजूनही कुणी 'चेष्टा' करतो म्हणजे प्रयत्न करतो. मराठीत चेष्टा केली की पळा. फाजील हा अरबीत विद्वान, श्रेष्ठ, शिवाय जास्तीचा, शिल्लक राहिलेला असाही अर्थ, आपण नेमका जास्तीचा तेवढा उचलला आणि फाजील कार्टं तयार झालं. आगाऊ पैसे चालतात, आगाऊ पोरगा चालत नाही. इरसाल हा तर खास, अरबीत इरसाल म्हणजे पाठवणी, जुन्या महसुलाच्या कागदांत वसूल केलेली रक्कम सरकारी खजिन्याकडे रवाना करणं म्हणजे इरसाल. खजिन्यात जाणारं नाणं पारखून घेतलेलं, त्यावरून निवडक, अस्सल असा अर्थ आणि तिथून उलट्या चालीने पक्का बेरकी माणूस, अशी साखळी लावली जाते आणि मला ती पटते, कारण 'शेलका'चंही हुबेहूब तसंच झालंय. शेलके आंबे म्हणजे निवडून काढलेले, शेलकी विशेषणं म्हणजे निवडून घातलेल्या शिव्या.

हा उलटं बोलायचा प्रकार मराठीत इतका मुरलाय की काही शब्द आता सरळ अर्थाने वापरताच येत नाहीत. "काय दिवे लावलेस?" यात दिवाळी कुणालाच आठवत नाही. मुक्ताफळं म्हणजे खरं तर मोती, पण कुणी मुक्ताफळं उधळली असं छापून आलं की तो काहीतरी मूर्खासारखं बोललाय हे नक्की. अकलेचे तारे तोडतात, उजेड पाडतात, गुण उधळतात. दीडशहाणा हा गणिताने शहाण्यापेक्षा जास्त शहाणा असायला हवा. घरचा आहेर म्हणजे स्वपक्षातल्याच माणसाने सगळ्यांसमोर काढलेली लाज. संस्कृतात स्तुतीच्या सोंगाने निंदा करण्याला व्याजस्तुती म्हणतात, इथलं व्याज बँकेतलं नव्हे, व्याज म्हणजे बहाणा. आपण नुसता अलंकार वापरून थांबलो नाही, तो रोजच्या भाषेत गोठवूनच टाकला.

शालजोडीतले त्याच घराण्यातलं. शालजोडी म्हणजे दोन शाली एकत्र, दरबारात मान म्हणून द्यायची वस्तू. तर जोडा शालजोडीत गुंडाळून हाणायचा, बघणाऱ्याला सत्कार दिसतो आणि खाणाऱ्याला जोडा लागतो. हल्ली लोक शालजोडीतले म्हणतात आणि जोडा विसरतात, पण ते अनेकवचन त्या जोड्यांचंच आहे. हे नाव कुठल्याही टोमण्याला लावू नका मात्र, शालजोडीतल्यात वरचं कापड खरंच भारी असावं लागतं. भाषेत सभ्यता हवी, आवाज चढलेला नको आणि ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना काही झालंय हेही कळता कामा नये.

आणि आजची पोरं ज्याला रोस्ट म्हणतात ना, त्याला आपल्याकडे आधीपासून 'खरपूस समाचार घेणे' आहे. भाकरी खरपूस भाजतात तोच खरपूस. रोस्टच्या जाहिराती बघितल्या की मला हे आठवून हसू येतं. दोघांनी एकमेकांचा घेतला की कलगीतुरा, तो शाहिरीतून आला, कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष, एक शक्तीला मोठं म्हणणारा, एक शिवाला, आणि फडात एकमेकांना गाण्यातून कोडी घालायची, उत्तर आलं नाही की हार. आता दोन नेते एकमेकांवर घसरले तरी पेपरात कलगीतुरा रंगतो, कोडं घालण्याएवढी बुद्धी कुणी लावलेली नसली तरी.

राहिला काकांचा पोपट. गोष्ट तीच ना, राजाचा लाडका पोपट मेलाय, मेला म्हणेल त्याला फाशी, म्हणून बिरबल सांगतो की महाराज पोपट खात नाही, पीत नाही, पंख हलवत नाही, आणि राजाच म्हणतो मग सरळ मेला म्हण ना. म्हणजे स्वतःच्या अटीत राजाच अडकला, पोपट झाला. चपखल बसते गोष्ट, पण चपखल बसणं हा पुरावा नव्हे. चालू शब्दांच्या मागे अशा गोष्टी मागाहून चिकटतात, कारण गोष्ट लक्षात राहते आणि पुरावा कंटाळवाणा असतो. पुरावा म्हणजे शब्द त्या अर्थाने आधी कुठे छापलेला सापडतो ते शोधणं. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली मुंबईत निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ ला, मग दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडाखंडाने आला, अशा कोशांत शब्द मिळाला तर निदान तेव्हा तो चालू होता एवढं तरी पक्कं. पण कॉलेजच्या कट्ट्यावर, चाळीच्या गॅलरीत, लोकलच्या दारात जन्मलेला शब्द कोशात शिरेपर्यंत म्हातारा झालेला असतो. त्यामुळे पोपट, पचका, भंकस असल्या शब्दांचा ठामपणे जन्मदाखला देणारा कुणी भेटला तर गोष्ट एन्जॉय करा आणि सोडून द्या. अर्थ मात्र पक्के आहेत. पचका आणि पोपट हा झालेल्या फजितीचा शब्द, तो टोमणा मारणाऱ्याचाही होऊ शकतो, बऱ्याचदा होतो. भंकस म्हणजे हेतू नसलेली मस्करी, वेळ घालवायला केलेली, त्यात कुणाला लागलं तर तो अपघात. (मस्करीही अरबीच, तिथला मस्खरा. आणि ती प्रमाणाबाहेर गेली की कुस्करी होते हे आईने सांगितलेलं असतंच.) आणि फसलेल्या विनोदाला पांचट म्हणतात तो पाणचट, पाणी जास्त झालेल्या आमटीसारखा.

एक तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण कुणीतरी लगेच म्हणेलच की खवचटपणा हा पुणेरी, मुंबईत कुठे आलाय. पुण्याचा खवचटपणा लिखित आहे, पाटीवर, सावकाश, व्याकरण सांभाळून. मुंबईला तेवढा वेळ नाही. इथे लोकलच्या दारात उभ्या माणसाला मागून आवाज येतो, "दादा, दार तुमच्या नावावर केलंय का?" आणि एवढ्यात स्टेशन येतं, उतरा. बसमध्ये कंडक्टर पाचशेची नोट बघून म्हणतो, "बस विकत घेताय का?" लागायच्या आत संपतं. अशा ठिकाणी टोमणा तयारच होत नाही कारण उधारी ठेवायला ओळख लागते, ओळखच नाही. गिरगाव-लालबागच्या चाळींत मात्र तीच माणसं पिढ्यानपिढ्या समोरासमोर, तिथे उधाऱ्याही पिढीजात. मी तिथलीच, त्यामुळे कुणाला लागणार हे मला वाक्य पूर्ण व्हायच्या आधी कळतं, त्यात हुशारी काही नाही, सवय आहे.

ऑफिस हे या दोन्हींच्या मधलं आहे. रोज तीच माणसं पण चाळीइतकी जवळीक नाही, मोठं-लहान आहे, आणि वर व्हॉट्सॅप ग्रुप. व्हॉट्सॅपवर काकु नसते हो, सूर जातच नाही. "छान" लिहिलं की वाचणारा स्वतःच्या मूडप्रमाणे वाचतो. म्हणून तर लोक छाननननन असं न वाढवून लिहितात, बिचारे स्पेलिंगने सूर लावायला बघतात. तुमचं मॅडमसोबतचं जे झालं ते तोंडी होतं की ग्रुपवर, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ग्रुपवर असेल तर वाक्यात दोष नसेलही, सूर पोचलाच नाही एवढंच.

तर तुमच्या तीन माणसांबद्दल मला जे दिसतं ते असं. खेचतोयस म्हणणारा मित्र आहे, त्याची खेचत राहा, त्यालाही तुमची खेचू द्या, एकतर्फी खेचणं फार दिवस चालत नाही. खवचट म्हणणाऱ्याचा चेहरा आठवून बघा, हसत होता तर विसरा. मॅडमशी मात्र थोडे दिवस सरळ बोला, जे म्हणायचंय ते तेवढंच, आणि मागे कधी त्यांच्या कामावरून काही झालं होतं का ते कुणा जुन्या माणसाला विचारा, बहुतेक निघेलच. सॉरी म्हणायला जाणार असाल तर चारचौघांत नको, आणि त्या सॉरीत विनोद तर अजिबात नको.

बायोसाठी, उपरोधिक लिहू नका, ते परीक्षेच्या पेपरासारखं वाटतं. (मूळ संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, वेढा, त्यामुळे वाहतूक पोलिसाच्या बायोत शोभेल एकवेळ.) टोमणेबाज तर नकोच, आल्या आल्या लोक सावध होतील. 'तिरकस' बरोबर बसतो, छोटा आहे, त्यात बुद्धीही येते आणि कुणाला आधीच लागतही नाही. 'खवचट' लिहायची फारच हौस असेल तर आधी मॅडमना दाखवा, त्या हसल्या तर ठेवा.